सस्पेन्स खात्यातला दगड

आपल्याकडे भल्याभल्या प्रश्नांचा निकाल एका वाक्यात लागतो. ते वाक्य म्हणजे, "काही झालं नाही ना? मग झालं तर!" मूल जिन्यावरून गडगडत खाली येते, घरातली माणसे धावतात, त्याचे हातपाय हलवून बघतात, आणि कुणीतरी आजी हे वाक्य उच्चारते. मुलाच्या हातावर गुळाचा खडा पडतो आणि प्रकरण मिटते. जिन्याला कठडा नाही ही गोष्ट पुढचे मूल गडगडेपर्यंत कुणाला आठवत नाही. बँकेत मी एकदा एकाचे पाच हजार दुसऱ्याच्याच खात्यात जमा केले होते. तो दुसरा गृहस्थ सज्जन निघाला, आपण होऊन सांगायला आला. आमचे साहेब म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झालं तर!" मी समाधानाने घरी गेलो. त्या गृहस्थाचा सज्जनपणा त्या दिवशी माझ्या खात्यावर जमा झाला, हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नाही.

या वाक्यावर माझी इतकी श्रद्धा होती की माझी मोटारही मी त्याच्यावरच चालवत होतो. पेट्रोल लागायचे, नाही असे नाही. पण मुख्य इंधन म्हणजे हे वाक्य.

मोटार सेकंडहँड. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याने ती मला दिली. देताना म्हणाला, "काही बघायला लागत नाही हिच्याकडं." हे वाक्य मी अक्षरशः पाळले. चार वर्षे मी तिच्याकडे काही बघितले नाही. म्हणजे वरून बघितले. दर रविवारी सकाळी बादली आणि फडके घेऊन मी तिला धूत असे. शेजारीपाजारी म्हणायचे, "गाडी ठेवावी तर अशी!" दसऱ्याला तिला झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक, पुढे लिंबूमिरची. ते स्वस्तिक ज्या बॉनेटवर काढायचो, ते बॉनेट उघडून आत काय आहे हे पाहण्याचा मोह मात्र मी कायम आवरला. देवाला नमस्कार करावा, देव्हाऱ्यामागे काय जळमटे आहेत ते बघू नये, अशी आमची रीत.

ऑईल बदलून घेई, कारण पेट्रोल पंपावरचा पोऱ्या ओरडून सांगे. हवा भरून घेई, कारण ती फुकट असे. बाकी सर्व कामांना माझे एक ठरलेले उत्तर होते. "पुढच्या पगाराला बघू." सर्व्हिसिंगचे पुस्तक पुढच्या कप्प्यात होते. पहिल्या तीन पानांवर जुन्या मालकाचे शिक्के, पुढची सगळी पाने कोरी. कुणी पाहिले असते तर वाटले असते, गाडी तिसऱ्या पानावर वारली.

तर अशा गाडीतून आम्ही २०२४ सालच्या नोव्हेंबरात कराडहून चिपळूणला निघालो. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या मुलीचे बारसे. गाडीत मी, ही, चिरंजीव, कन्या, आणि चांदीच्या वाळ्यांपासून डिंकाच्या लाडवांच्या डब्यापर्यंत आत्याकडून जाणारा सगळा आहेर. सामान मावेना म्हणून मी डिकीतली एक लाल त्रिकोणी वस्तू काढून माळ्यावर टाकली होती. गाडी बंद पडली तर रस्त्यावर मागे ठेवायचा तो त्रिकोण. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघाला नव्हता. "चार वर्षांत एकदा तरी लागला का?" असे मी हिला विचारले होते. हा युक्तिवाद तेव्हा मला बिनतोड वाटला.

पाटण गेले, कोयनानगर गेले, हेळवाक गेले. पुढे कुंभार्ली घाट. चढताना तक्रार नव्हती. उतार लागला तसा मी गाडी न्यूट्रलला टाकली. उताराला पेट्रोल कशाला जाळायचे? डोंगर देवाने फुकट दिलेला आहे. गाडी आपली घरंगळतेय, पाय ब्रेकवर आहे, बाहेर दरीत धुके तरंगतेय, आणि प्रत्येक वळणागणिक किती पैसे वाचले याचा हिशेब मी मनात करतोय. कॉमर्सच्या माणसाला निसर्गाचा आनंद असाच होतो.

पाचसहा वळणांनंतर हिने नाक वर केले. "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल," मी म्हणालो.

"पुढं ट्रक कुठाय?"

पुढे खरोखरच ट्रक नव्हता. पुढे वळण होते. मी ब्रेक दाबला आणि माझा पाय खाली गेला. म्हणजे जातच राहिला. ओल्या स्पंजवर पाय द्यावा तसा. एरवी अर्ध्यावर घट्ट लागणारा पेडल तळाला टेकला आणि गाडी आपल्या मर्जीने चालतच राहिली.

पुढची आठदहा सेकंदे मी काय केले ते मला आठवते, पण ते मीच केले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लहानपणी एस.टी.त ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून जे पाहिले होते ते कुठूनतरी वर आले असावे. पेडलवर भराभर पाय मारले, तेव्हा थोडा लाग आला. गाडी गिअरमध्ये घातली. तिसरा, मग दुसरा. इंजिन असे किंचाळले की कन्या रडायला लागली. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वर घेतला. सुदैवाने डोंगर आमच्या बाजूला होता. डोंगराकडच्या गटारीत डावी चाके घातली, दगडमातीवर घासत गाडी थांबली. मागे लाडवांचा डबा उघडला. मग संपूर्ण शांतता. त्या शांततेत चिरंजीव म्हणाले, "बाबा, परत!"

गाडी वळण संपता संपता थांबली होती. वरून येणाऱ्याला ती दिसणार ती अगदी अंगावर आल्यावर. पण हे तेव्हा मला सुचले नव्हते. मी गाडीतच बसून मंडळींना सांगत होतो, "काही झालं नाही, काही झालं नाही."

हे वाक्य मोडून काढायला एक ट्रकवाला आला. माल भरून घाट चढत होता. पुढच्या रुंद जागेवर त्याने ट्रक उभा केला आणि चालत आला. त्याने पहिल्यांदा कुणाला काय झाले ते विचारले नाही. "साहेब, आधी चारी इंडिकेटर लावा," तो म्हणाला. "आन् वहिनी, पोरांना घिऊन खाली उतरा. गाडीत बसू नका. गाडीच्या पुढंबी थांबू नका. मागनं कुनी ठोकली तर गाडी तुमच्याच अंगावर यील. त्या तिकडं, वर, रस्त्यापासनं लांब हुभ्या ऱ्हावा." मग त्याने एक धोंडा उचलून पुढच्या चाकाला उताराच्या बाजूने लावला. चिरंजीव तापलेल्या चाकावर पाण्याची बाटली ओतायला निघाले होते, त्यांचा हात धरला. "पानी नको, बाळा. लालबुंद लोखंडावर पानी पडलं की वाकडं व्हतं. गार होऊ दे आपलंआपण."

"त्रिकोण हाय का?" त्याने मला विचारले.

"आहे," मी म्हणालो. "माळ्यावर."

त्यावर तो काही बोलला नाही. न बोलण्यातही किती बोलता येते हे मला त्या दिवशी समजले. त्याने मला वळणापलीकडे वर नेले आणि आम्ही दोघांनी गटारीतले दगड उचलून रस्त्यावर मांडले, गाडीच्या मागे चाळीसपन्नास पावलांवर, वरून येणाऱ्याला लांबून दिसतील असे. वर एक हिरवी डहाळी. मी बँकेतला माणूस, मोजल्याशिवाय काही ठेवत नाही. सात दगड होते.

"तासदीडतास थांबा," तो म्हणाला. "गार झाल्यावर ब्रेक परत लागंल. लागला तरी त्याच्या जिवावर जाऊ नका. ज्या गिअरात घाट चढला असता, त्याच गिअरात उतरायचा. आन् साहेब, जाताना दगड उचला."

"हो हो, म्हणजे काय!" मी म्हणालो. त्याला पैसे देऊ लागलो, ते त्याने घेतले नाहीत. एक लाडू घेतला.

दीड तासाने पेडल खरोखरच घट्ट झाला. मी आनंदाने ओरडलो. सगळे गाडीत बसलो, पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने घाट उतरलो, पोफळीला चहा प्यालो, आणि दिवेलागणीला चिपळुणात पोचलो.

दगड उचलले नाहीत. मुद्दाम नाही. आनंदात विसरलो. सुटका झाल्याच्या आनंदात माणूस ज्याच्यामुळे सुटला तेच विसरतो.

गाडी आधी गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, एका छोट्या डबीचे झाकण फिरवले आणि बॅटरी आत मारली. "हे काय आहे?" त्याने मला विचारले.

"कोरा चहा?" मी म्हणालो.

"ब्रेक ऑईल. नवं असतं तेव्हा मधाच्या पाण्यासारखं असतं. कधी बदललं होतं?"

मी गप्प. मग त्याने मला जे समजावून सांगितले ते मी चार वर्षांपूर्वी ऐकायला हवे होते. ब्रेकवर पाय पडतो तेव्हा तो जोर चाकापर्यंत नेते ते हे ऑईल. द्रव पदार्थ दाबला जात नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पोचतो. पण या ऑईलला एक खोड आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. वर्ष गेले, दोन वर्षे गेली की त्यात पाणी मुरते आणि ते कमी उष्णतेला उकळू लागते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला की चाके तापतात, ऑईल उकळते, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि जोर वाफेतच मुरतो. गार झाले की वाफेचे पुन्हा पाणी, पेडल पुन्हा घट्ट. "म्हणून लोकांना वाटतं बरं झालं," मिस्त्री म्हणाला. "बरं काही होत नाही. पुढच्या घाटाला तेच. साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. काही शेकड्यांचं काम."

"मी न्यूट्रलला टाकली होती," मी खालच्या आवाजात म्हणालो. "पेट्रोल वाचवायला."

मिस्त्री हसला. हल्लीच्या गाड्यांत, म्हणाला, गिअरमध्ये उतारावर पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणेच बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडी आवरते. न्यूट्रलला टाकली की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळते ते जळतेच, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. म्हणजे मी घाटभर जी बचत करत होतो ती मुळात खर्चाच्या बाजूची होती. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला जमा आणि नावे यांतला फरक एका गॅरेजात कळावा, याहून अधिक काय लिहू?

गाडी रात्रभर तिथेच ठेवून सासुरवाडीला गेलो. तिथे माझे स्वागत वीरासारखे झाले. बिनब्रेकची गाडी आवरली म्हणून सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी प्रसंग तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी घाटातली वळणे वाढली होती आणि गाडीचा वेगही. जेवायला सोलकढी होती. अकराच्या सुमाराला अंथरुणे पडली, आणि अंधारात ही म्हणाली, "अहो, ते दगड उचलले होते ना?"

मी म्हणालो, "उचलले असतील."

मराठी भाषेत कर्त्याला पळून जायला किती सुंदर वाट ठेवलेली आहे पहा! कुणी उचलले, कधी उचलले, काही सांगायला नको. "उचलले असतील." ही उठून बसली. मग मीही उठलो. आमची कुजबुज ऐकून पलीकडच्या खोलीतले सासरे आले, साडूभाऊ आले, आणि रात्री साडेअकराला त्या घरात एक परिसंवाद सुरू झाला.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, रोज शेकडो गाड्या जातात तिथून. कुणीतरी बाजूला केले असतील. झोपा."

सासरे कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांनी कायदा सांगितला. "जावईबापू, १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. हयगयीनं गाडी हाकून लोकांच्या जिवाला धोका केलात आणि कुणाला काही झालं नाही, तर कलम २८१. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तशाच हयगयीनं माणूस गेला, तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत."

"म्हणजे हयगय तीच?"

"तीच."

"मग फरक कशाचा?"

"समोरून कोण आलं त्याचा," सासरे म्हणाले आणि पाणी प्यायले.

आमचे साडूभाऊ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. त्यामुळे घरात त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. पण त्या रात्री ते म्हणाले ते मी नीट ऐकून घेतले. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी एकाच नावाचे दोन निबंध लिहिले. नावाचे मराठी करायचे तर 'नैतिक नशीब'. प्रश्न असा, की ज्या गोष्टी माणसाच्या हातात नाहीत त्यांवरून त्याला चांगला किंवा वाईट ठरवावे का? कांट म्हणून गेला होता की नाही, हेतू काय तो पाहायचा, फळ नाही. पण आपण तसे वागत नाही. "आणि गंमत अशी," साडूभाऊ म्हणाले, "की नेगेलनं जे उदाहरण घेतलंय ना, ते गाडीचे ब्रेक वेळेवर तपासून न घेतलेल्या ड्रायव्हरचंच आहे. समोर मूल आलं तर तो जन्मभर स्वतःला गुन्हेगार मानील. नाही आलं, तर त्याला काही आठवणारसुद्धा नाही. दोघांनी केलं एकच. म्हणजे केलं नाही ते एकच."

मला त्या परदेशी गृहस्थाचा थोडा रागच आला. पन्नासेक वर्षांपूर्वी त्याने माझ्यावर निबंध लिहून ठेवला होता आणि मला कुणी कळवले नव्हते.

सगळे झोपायला गेले. मी जागा राहिलो. आता एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. मेहुण्याची गाडी दारात उभी होती. किल्ली खुंटीला होती. घाट तासाभराच्या वाटेवर होता. ११२ नंबरला फोन लावून पोलिसांना सांगताही आले असते. मी काही केले नाही. रात्र आहे, धुके आहे, पाहुण्याच्या घरी उगाच धावपळ, फोन करून काय सांगायचे, 'मी दगड विसरलो' म्हणून? अशी एकेक सबब मी उशाशी रचत गेलो. तीही मोजली तर सात भरली असती. आणि त्या सगळ्यांच्या वर डहाळीसारखे ते जुने वाक्य ठेवले. काही झालं नसेल.

पण झोप आली नाही, याला कारण बी.कॉम.चा अभ्यास. आम्हांला पहिल्या वर्षाला तेरीज शिकवली होती, ट्रायल बॅलन्स. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की विद्यार्थी आनंदाने पेन खाली ठेवतो. तेव्हा आमचे सर म्हणायचे, बेरीज जुळली याचा अर्थ बेरीज जुळली, एवढाच. हिशेब बरोबर आहे असा नव्हे. एक चूक दुसऱ्या चुकीला झाकून टाकते. तिला कॉम्पेन्सेटिंग एरर म्हणतात. आणि एखादा व्यवहार मुळातच वहीत लिहायचा राहिला, तर बेरजेला पत्तासुद्धा लागत नाही. दोन्ही बाजू सारख्याच अपुऱ्या. ती एरर ऑफ ओमिशन. परीक्षेत मी यावर पाच मार्कांची टीप लिहिली होती, पाचपैकी चार मिळाले होते.

त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या मला कळले की 'सुखरूप पोचलो' ही फक्त तेरीज आहे. ती चार वर्षे रोज जुळत होती. ब्रेक ऑईल बदलले नाही, ही नोंदच नसलेली चूक. आणि कऱ्हाडच्या सपाट रस्त्याने ती झाकून ठेवलेली. मी घाटात वाचलो ते माझ्या हुशारीने नाही. डोंगर आमच्या बाजूला होता, समोरून कुणी आले नाही, आणि एक अनोळखी माणूस माल भरलेला ट्रक चढावर थांबवून खाली उतरला. ही सगळी दुसऱ्यांच्या खात्यांतली रक्कम. ती माझ्या नावावर जमा दिसत होती, एवढेच. आणि त्या बदल्यात मी वळणावर काय ठेवून आलो होतो? सात दगड.

ज्यांनी माझे रक्षण केले तेच दगड, मी निघाल्याच्या क्षणापासून, दुसऱ्या कुणासाठी घात होते. दगडात काही फरक पडला नव्हता. पडला असेल तर माझ्यात. गाडी बंद पडली होती तोवर मी त्या रस्त्यावरच्या सगळ्यांचा विचार करत होतो, कारण ते माझ्यावर आदळणार होते. गाडी सुरू झाली आणि विचार बंद पडला.

पहाटे साडेपाचला मी साडूभाऊंना उठवले. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस बारशाच्या दिवशी पहाटे उठून मोटारसायकल काढतो, याचे मला कौतुक वाटले. थंडीत कुडकुडत घाट चढलो. धुके इतके की साडूभाऊ पाय टेकत टेकत चालले होते. आमचे वळण आले. गटारीत आमच्या चाकांची खूण होती. चाकाला लावलेला धोंडा कडेला पडलेला होता. वळणापलीकडे गेलो. रस्ता स्वच्छ होता.

कडेच्या कठड्यापाशी कुणीतरी दगड ओळीने मांडून ठेवले होते. भिरकावून दिलेले नव्हते, मांडलेले. डहाळीही बाजूला ठेवलेली. माझा जीव भांड्यात पडला. "बघा," साडूभाऊ म्हणाले, "काही झालं नाही."

मी मोजले. सहा होते.

पुन्हा मोजले. बँकेत रोकड कमी आली की आम्ही तीनदा मोजतो, तसे तिसऱ्यांदा मोजले. सहा. मी कठड्यावरून दरीत वाकून पाहिले. धुके. रस्त्यावर काचा दिसतात का पाहिल्या. नव्हत्या. गटारीत शंभर दगड होते, त्यांतला एक सातवा असेल, नसेल. कुणाच्या चाकाखाली येऊन उडाला असेल. उचलणाऱ्याच्या हातून दरीत गेला असेल. दुसऱ्या कुणाच्या बंद गाडीच्या चाकाला लागला असेल. "असेल" हे क्रियापद काल रात्री मला फार सोयीचे वाटले होते. सकाळी ते तितकेसे बरे वाटेना.

"एका दगडानं काय होतं?" साडूभाऊंनी माझी समजूत घातली. मी काही बोललो नाही. मोटारसायकलवाल्याला एक दगड पुरतो, हे मोटारसायकलीवरून आलेल्या माणसाला सांगायचे जिवावर आले.

परत येऊन बारसे छान झाले. मुलीच्या कानात आत्याने नाव सांगितले, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. खाली येऊन मी गॅरेजात बिल चुकते केले आणि नव्या ऑईलचा रंग स्वतः पाहिला. पुढचे आठ दिवस मी रोज पेपरातली जिल्ह्याची पाने वाचत होतो. घाटाची काही बातमी नव्हती. पण पेपरात सगळे येते असे थोडेच आहे? कुणी पडून उठला असेल, गुडघा फुटून घरी गेला असेल, आणि त्याची आजी म्हणाली असेल, "काही झालं नाही ना? मग झालं तर!"

हिशेबात फरक येतो आणि तो कशाचा ते सापडत नाही, तेव्हा तो आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. खाते बंद करता येत नाही आणि विसरताही येत नाही. ऑडिटर आला की पहिले बोट तिथेच ठेवतो. माझा सातवा दगड त्या खात्यात आहे. काही झाले नसेल तर मी निर्दोष, आणि झाले असेल तर दोषी, हे सासऱ्यांच्या कोर्टाचे झाले. माझ्या वहीत मात्र दोन्ही वेळची नोंद एकच आहे. सांगितले होते, हो म्हणालो होतो, उचलले नाहीत.

तेव्हापासून मी बॉनेट उघडतो. ब्रेक ऑईल बदलल्याची तारीख कप्प्यातल्या पुस्तकात लिहितो. त्या पुस्तकाला आता चौथे पान लागले आहे. कूलंटची पातळी सकाळी, इंजिन गार असताना बघतो. टायरच्या खाचा बघतो. त्रिकोण डिकीत सगळ्यांत वर असतो आणि लाडवांचा डबा मांडीवर. दसऱ्याला हार अजून घालतो, पण आधी गॅरेजला नेतो, मग देवाला सांगतो. उतारावर दुसरा गिअर. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवोत बापडे.

आणखी एक सवय लागली आहे. घाटात कुणी तरी मागे टाकून गेलेले दगड दिसले की मी पुढे रुंद जागा पाहून गाडी लावतो, चारी इंडिकेटर लावतो, रस्ता दोन्हीकडून मोकळा आहे असे बघून दगड कडेला नेऊन मांडतो. भिरकावत नाही, मांडतो. ही गाडीतून मोजते. परवा आंबा घाटात एकदम पाच सापडले. मी हात झटकत परत येऊन बसलो.

"किती झाले?" मी विचारले.

"एकोणीस."

"म्हणजे खातं जमेकडंच आहे की आपलं!"

"ते दुसऱ्यांचे आहेत," ही म्हणाली. "त्यानं आपला सातवा मिळाला का?"

बँकेचाही नियम तोच आहे. सस्पेन्समधली रक्कम दुसऱ्या कुणाच्या रकमेने फिटत नाही, तिची तीच सापडावी लागते. मी दुसरा गिअर टाकला.